बिनतारी विमानांचा छंद

विमान ही वस्तु आतां सुशिक्षित कुटुंबांत नवलाईची राहिलेली नाहीं. घरटीं एखादा मुलगा, भाचा किंवा जांवई परदेशीं असतो; त्याला निरोप द्यावयास अगर उतरून घ्यावयास घरांतील सारीं माणसें लोहगांवच्या विमानतळावर एकदां तरी जाऊन आलेलीं असतात. परंतु आपल्याच गल्लींतील एखादा गृहस्थ मागच्या सज्ज्यांत बसून दोन-दोन महिने चारपांच फूट पंखांचें विमान बांधीत असतो, आणि रविवारीं पहांटे तें मोटारीच्या मागील आसनावर हलक्या हातानें निजवून शहराबाहेरच्या माळावर उडवावयास नेतो, ही गोष्ट पुष्कळदां शेजारच्या बिऱ्हाडासहि ठाऊक नसते. पुण्यांत अशा शौकिनांचीं लहान लहान मंडळें आहेत. कोणी कारखान्यांतील अभियंते, कोणी बँकेंतून निवृत्त झालेले, कोणी महाविद्यालयांतील विद्यार्थी, एखाददुसरे डॉक्टर. जमिनीवर उभें राहून, हातांतील बिनतारी यंत्राच्या दोन कांड्या हालवून, आकाशांतील विमान हवें तसें फिरवावयाचें आणि पुन्हा पायांशीं आणून उतरवावयाचें, हा त्यांचा खेळ. ह्या खेळाची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, आणि ज्या घरांत अशी ओढ असलेलें मूल आहे तेथील वडील मंडळींस दोन गोष्टी सांगाव्या, असें आम्ही बरेच दिवस मनांत बाळगलें होतें.

प्रौढ माणसांनीं खेळण्यांत रमावें हें काय, असा प्रश्न आमच्या आजीबाईंसारख्या वाचकांच्या मनांत प्रथम येईल. त्याला उत्तर असें कीं, मोठें विमान हें ह्या खेळण्याच्या पोटचेंच अपत्य आहे. इंग्लंडांतील सर जॉर्ज केली यानें १८०४ सालीं प्रथम लहानसें तरंगतें विमान करून पाहिलें. फ्रान्समधील आल्फोन्स पेनो ह्या तरुणानें १८७१ सालीं पॅरिसच्या एका बागेंत रबराच्या पिळावर चालणारें विमान लोकांसमक्ष उडविलें; तें उणेंपुरें अकरा सेकंद हवेंत राहिलें. त्याच पेनोच्या कल्पनेवरून केलेलें एक उडतें खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांसाठीं घरीं आणलें. तीं मुलें म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळणें मोडलें तेव्हां त्यांनीं स्वतःच्या हातानें तसेंच दुसरें केलें, असें पुढें त्यांनींच सांगितलें आहे. याच्या उलट प्रोफेसर लँग्ले यांची कथा. त्यांचें सुमारें तेरा-चवदा फूट पंखांचें, वाफेच्या इंजिनावर चालणारें बिनमाणसाचें विमान १८९६ च्या मे महिन्यांत जवळ जवळ एक किलोमीटर उडालें. परंतु सरकारी पैशानें बांधलेलें त्यांचें मोठें विमान १९०३ सालीं दोनदां नदींत कोसळलें. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनीं, १७ डिसेंबर रोजीं, राइट बंधूंनीं आपलें विमान उडविलें. लहान उडालें म्हणून मोठें उडेलच असें नाहीं. पण लहान उडवून पाहिल्यावांचून मोठ्याला हात घालणारे फारसे कोणी यशस्वी झालेले नाहींत.

महाराष्ट्रांत ह्या विषयाची गोष्ट निघाली कीं शिवकर बापूजी तळपदे यांचें नांव हटकून निघतें. त्यांनीं १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें बिनमाणसाचें विमान उडविलें, अशी कथा कित्येक घरांत सांगितली जाते. त्या प्रसंगाचा निःसंशय असा समकालीन पुरावा आजवर पुढें आलेला नाहीं. त्याच्याशीं जोडला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं तपासला, तेव्हां तो विसाव्या शतकांत रचला गेला असून त्यांत दाखविलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असाच त्यांचा निर्णय झाला. तळपद्यांच्या धडपडीविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु माळावर आलेल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाचें भाग्य ह्या बाबतींत मोठें म्हणावयाचें. त्याच्या विमानास पुराव्याची वाण कधींच पडत नाहीं. तें सर्वांच्या देखत उडतें, नाहीं तर सर्वांच्या देखत पडतें.

आतां बिनतारी संदेशाविषयीं. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास अदृश्य विद्युत्-लहरींच्या साहाय्यानें दूरच्या खोलींतील घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. हातीं तार नसतां दूरची वस्तु हालविण्याचा हा पहिल्या प्रयोगांपैकीं एक होय. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत पाण्याच्या हौदांतील एक नाव अशाच लहरींनीं फिरवून दाखविली. विमानावर हा प्रयोग साधावयास आणखी चाळीस वर्षें जावीं लागलीं, कारण त्या वेळचीं बिनतारी यंत्रें इतकीं जड असत कीं तीं उचलणाऱ्या विमानाचा आकार खेळण्याचा राहत नसे. अमेरिकेंतील वॉल्टर आणि विल्यम गुड ह्या जुळ्या भावांनीं १९३७ सालीं बांधलेलें 'गफ' नांवाचें विमान हें ह्या खेळांतील आद्य यशस्वी विमानांपैकीं एक. तें आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयांत जपून ठेविलें आहे.

पुढें यंत्रें हलकीं झालीं. परंतु एक अडचण पुष्कळ वर्षें टिकली. दोघांच्या यंत्रांची लहर एकच असली तर एकाच्या कांडीनें दुसऱ्याचें विमान हाले, आणि बहुतेक वेळां तें जमिनीवरच येई. म्हणून जुन्या काळीं मैदानावर एक फळी टांगलेली असे. तिच्यावर प्रत्येक लहरीच्या क्रमांकाचा एक चिमटा, अगदीं आपल्या वाळत्या कपड्यांचा असतो तसला. ज्याच्याजवळ चिमटा त्यानेंच यंत्र चालू करावयाचें, असा दंडक होता. एकानें विसरून यंत्राची कळ दाबली कीं दुसऱ्याच्या तीन महिन्यांच्या कष्टांची माती होई, आणि दोन सज्जन मित्रांत वर्षभर अबोला पडे! चालू शतकाच्या पहिल्या दशकांत २.४ गिगाहर्ट्झ ह्या लहरींचीं यंत्रें आलीं. त्यांत विमानांतील ग्राहकयंत्र आपल्या धन्याची खूण ओळखूनच आज्ञा पाळतें, त्यामुळें चिमट्यांची फळी इतिहासजमा झाली. आपल्या सरकारनेंहि २००५ सालीं ह्या पट्ट्यांतील कमी शक्तीच्या यंत्रांस परवान्यांतून मोकळीक दिली. त्यापूर्वीं बिनतारी यंत्र बाळगणें म्हणजे कायद्याच्या कटकटींत पाय घालणें होतें.

पण खरा खेळ मैदानावर सुरू होत नाहीं, तो घरीं सुरू होतो. दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशांतून येणारें बाल्सा नांवाचें लाकूड हें ह्या कलेचें मुख्य साहित्य. एक घनमीटर साग सुमारें साडेसहाशें किलो भरतो, तर बाल्सा दीडशेंच्या आसपास; हातांत घेतलें तर वाळलेल्या भोपळ्याच्या सालीसारखें वाटतें. त्याच्या पातळ फळ्यांतून पंखाच्या फासळ्या एकेक करून पात्यानें कापावयाच्या, घासून सारख्या करावयाच्या, मग नकाशावर टांचण्यांनीं रोवून चिकटवावयाच्या. पूर्वीं ह्या सांगाड्यावर तलम कागद चढवून त्याला रोगण देत; आतां रंगीत प्लॅस्टिकचा पापुद्रा येतो, तो गरम केला कीं आक्रसून घट्ट बसतो. गरम करावयास कपड्यांची इस्त्री चालते, आणि घरांतील स्त्रीवर्गाची ह्या छंदाविषयींची पहिली तक्रार येथेंच उद्भवते. दुसरी तक्रार वासाची. ज्या लहान इंजिनांस मेथॅनॉल लागतें त्यांच्या इंधनांत वंगण म्हणून एरंडेल मिसळतात. चार भाग मेथॅनॉल आणि एक भाग एरंडेल ही जुनी रीत. लहानपणीं सणासुदीच्या दुसऱ्या दिवशीं नाक दाबून एरंडेल घेतलेले गृहस्थ आतां त्याच्या धुराचा वास आला कीं प्रसन्न होतात, ही काळाची मौजच म्हणावयाची. अलीकडे बहुतेक मंडळी विजेच्या मोटारीकडे वळली आहेत आणि बाल्साऐवजीं थर्मोकोलच्या जातीचा चिवट फेस वापरतात. त्यांत वास नाहीं आणि खर्चहि बेताचा. पण लाकडाच्या विमानावर जीव जडलेले जुने कारागीर त्याच्याकडे जरा नाक मुरडूनच पाहतात.

बांधून झालेल्या विमानाचा तोल पाहणें हा एक विधीच असतो. पंखाची पुढची कड जेथें आहे तेथून मागें, पंखाच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर पेन्सिलीनें खूण करावयाची, आणि दोन्ही पंखांखालीं तेवढ्याच जागीं एकेक बोट लावून विमान उचलावयाचें. तें आडवें राहिलें किंवा नाकाकडे किंचित् झुकलें तर ठीक. शेपटाकडे कललें तर तें उडवूं नये. बोटभर शिसें नाकांत घालावें आणि पुन्हा पाहावें. नाकजड विमान आळशी होतें, पण घरीं परत येतें. शेपूटजड विमान बहुधा येत नाहीं. आमचें पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंचीवर असल्यानें येथील हवा मुंबईच्या मानानें पांचेक टक्के विरळ आहे. त्यामुळें मुंबईस नेमकें उडालेलें विमान येथें थोडें अधिक वेगानें उतरवावें लागतें, असें जाणकार सांगतात.

अशा एका मंडळाच्या मैदानावर आम्ही गेल्या हिंवाळ्यांत दोन रविवार घालविले. मैदान म्हणजे शहराच्या सीमेबाहेर, गवत कापून केलेली शंभरेक पावलांची पट्टी. वारा पडलेला असतो म्हणून मंडळी सूर्य वर येण्यापूर्वींच जमतात. थर्मासमधील चहा होतो, घडीच्या मेजांवर विमानें मांडलीं जातात. मग जो कडक शिस्तीचा भाग सुरू होतो तो पाहून आम्ही थक्क झालों. प्रथम यंत्राची शक्ति मुद्दाम कमी करून तीस पावलें दूर जावयाचें आणि तेथून विमानाचे भाग नीट हालतात कीं नाहीं हें दुसऱ्यानें पाहावयाचें. मग प्रत्येक कांडीची परीक्षा. सर्व माणसांनीं एका रेषेच्या मागें उभें राहावयाचें. उतरतांना मोठ्यानें ओरडून सांगावयाचें. पट्टीवर कोणी गेला असेल तर तेंहि ओरडून सांगावयाचें. सैन्यांतून निवृत्त झालेले एक सभासद ह्या बाबतींत कोणाचीहि भीड ठेवीत नसत.

त्या दिवशीं बारा वर्षांची एक मुलगी आपल्या आजोबांबरोबर आली होती. तिचें यंत्र एका वायरीनें शिक्षकांच्या यंत्रास जोडलेलें होतें. शिक्षकांनीं एक कळ दाबून धरली कीं विमान मुलीच्या स्वाधीन, सोडली कीं पुन्हा त्यांच्या. आकाशांत विमान दूर जात असतांना तिचा हात छान चाले. पण वळून तिच्याकडे येऊं लागलें कीं ती गोंधळे, विमान भलत्याच बाजूला कले, आणि शिक्षकांना कळ सोडावी लागे. चारदां असें झाल्यावर ती रडकुंडीस आली.

"काका, माझ्याकडे येतांना तें उलटें कां ऐकतें?"

"तें सरळच ऐकतें, बाळ. त्याचें तोंड तुझ्याकडे झालें म्हणजे त्याचा उजवा हात तुझ्या डाव्या अंगाला येतो. आतां डावें-उजवें विसर. जो पंख खालीं गेला असेल त्या बाजूला कांडी लोट, म्हणजे तो उचलला जाईल. एवढेंच ध्यानांत धर."

पुढच्या फेरींत विमान तिच्याकडे आलें, डावा पंख कलला. तिनें कांडी डावीकडे लोटली आणि विमान समतोल होऊन डोक्यावरून निघून गेलें. तिच्या आजोबांचा जीव मात्र अजून भांड्यांत पडला नव्हता.

"अहो, पण तिच्या हातून मोडलें तर?"

"मोडायचेंच, नाना. इथें कोणाचें मोडलें नाहीं? मोडल्यावर जोडायला तिनेंच बसायचें, एवढी आमची अट आहे."

ही अट आम्हांस फार आवडली. त्याच सकाळीं तिचा अर्थहि पाहावयास मिळाला. एका तरुणानें दुरुस्त करून आणलेलें विमान धांवत गेलें, हातभर उचललें, आणि सर्वजण पाहत असतां तीन सेकंदांत पंखावर उलटून जमिनींत घुसलें. दुरुस्तींत पंखाच्या मागच्या कडेचे हालते भाग उलटे जोडले गेले होते. उजवीकडे कांडी लोटली कीं उजव्या पंखाचा हालता भाग वर यावयास हवा; तो खालीं जात होता, आणि निघण्याच्या घाईंत हें पाहणें राहून गेलें होतें. कोणी हंसलें नाहीं. त्यानें तुकडे एका पिशवींत गोळा केले, मोटार आणि ग्राहकयंत्र शाबूत आहे असें पाहिलें आणि चहा प्यावयास आला. वयानें दुप्पट असलेल्या एका सभासदानें त्याच्याजवळ बसून कोणती फासळी पुन्हा कापावी लागेल याचा हिशोब कागदावर मांडून दिला. परीक्षेंत चार गुण कमी पडले म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्या आपल्या समाजांत, चूक झाली असतां ती कोठें झाली एवढेंच शांतपणें शोधावयाचें, हें शिक्षण कोणत्या शाळेंत मिळतें?

एकत्र कुटुंबाला ह्या छंदांत एक मोठीच सोय आहे, ती म्हणजे चिकटविलेला जोड सुकेपर्यंत धरून बसावयास कोणीतरी घरांत असतें. गंमत म्हणून लिहीत नाहीं. ज्या ज्या घरांत आम्ही हीं विमानें पाहिलीं, तेथें बहुतेक काका-पुतण्या किंवा आजोबा-नातू अशी जोडी आढळली. एकाजवळ वेळ आणि हाताचें वळण, दुसऱ्याजवळ उत्साह आणि नवीं यंत्रें समजून घेण्याची बुद्धि. वय आड येतें असें ज्यांना वाटतें त्यांनीं मेनर्ड हिल ह्या अमेरिकन गृहस्थांची हकीगत ऐकावी. सत्त्याहत्तर वर्षांचे, दृष्टि जवळ जवळ गेलेली, ऐकूंहि नीटसें येत नसे. त्यांनीं आणि त्यांच्या मित्रांनीं बाल्सा लाकडाचें, इंधनासह पांच किलोंच्या आंत वजन भरणारें एक विमान बांधलें आणि २००३ सालच्या ऑगस्टमध्यें कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून सोडलें. आधींचे प्रयत्न फसले होते. हें मात्र वाटेंत उपग्रहाच्या खुणांवरून आपलें आपण चालत अडतीस तास त्रेपन्न मिनिटांनीं अटलांटिक महासागर ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर पोहोंचलें; तेथें वाट पाहत असलेल्या मित्रानें तें हातांतील यंत्रानें उतरवून घेतलें. सुमारें तीन हजार किलोमीटरचा प्रवास झाला होता.

पुण्यांत ह्या विद्येला पोषक गोष्टी पुष्कळ आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेची, म्हणजे एन.सी.सी.ची, हवाई शाखा १९५० सालीं सुरू झाली. तिच्या शिक्षणक्रमांत लहान विमानें बांधणें आणि उडविणें हा विषय आहे, आणि शहरांतील महाविद्यालयांतील मुलामुलींना त्याचा लाभ मिळत आलेला आहे. तारेला बांधलेलें विमान स्वतःभोंवतीं वर्तुळांत फिरविण्याचा जुना प्रकारहि तेथें शिकवीत. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरनें बिनइंजिनाच्या मोठ्या विमानांची ओळख पुणेकरांस करून दिली. आणि टेकड्या तर आपल्या दाराशींच. टेकडीच्या उतारावर वारा आदळून वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर बिनइंजिनाचें विमान तासच्या तास तरंगत ठेवतां येतें. उन्हाळ्याच्या दुपारीं तापलेल्या माळावरून गरम हवा वर उठते. ती कोठें उठते हें डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु घारींना कळतें. पंख न हालवितां जेथें घार घिरट्या घालीत चढते, तेथें ही मंडळी आपलें विमान नेऊन सोडतात. घारीहि कधीं कधीं ह्या परक्या पाखराची चौकशी करावयास जवळ येतात, असें आम्हीं ऐकलें.

तयार मिळणाऱ्या ड्रोनविषयीं येथें लिहिणें प्राप्त आहे, कारण आजचीं मुलें त्याचाच हट्ट धरतात. चार पंख्यांचें हें यंत्र फार उपयुक्त आहे. पिकांवर फवारणी त्यानें होते. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवोगांवच्या घरजागांचें मोजमाप त्यानेंच झालें. परंतु त्याच्या पोटांतील यंत्रें त्याचा तोल स्वतःच राखतात; कांड्या सोडून दिल्या तरी तें हवेंत आपलें आपण स्थिर राहतें. छायाचित्रकाराच्या दृष्टीनें हा मोठा गुण खरा. पण हात शिकावयाचा असेल तर त्यांत शिकण्याजोगें थोडेंच उरतें, आणि मोडलें तर मुलाच्या हातांत मोडकी पेटी राहते. पंखाचें विमान कांड्या सोडल्या तर तुम्हांस माफ करीत नाहीं. आमचें मत विचाराल तर बारा-तेरा वर्षांच्या मुलास तयार ड्रोन देण्यापेक्षां एक पातें, थोडें थर्मोकोल आणि शनिवारची दुपार द्यावी. पातें देतांना आईच्या काळजाचा ठोका चुकेल, हें आम्ही जाणतों.

सर्वांत बिकट प्रश्न जागेचा. जुने शौकीन सांगतात कीं, एके काळीं शहरांतील मैदानांवरच विमानें उडत. मग तीं उपनगरांच्या मोकळ्या जागांत गेलीं, तेथून आणखी बाहेर. पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत २०१७ सालीं अकरा गांवें आलीं आणि २०२१ सालीं आणखी तेवीस. ज्या माळावर काल गवत कापून पट्टी केली होती तेथें आज इमारतीचा पाया खणला जातो. शिवाय हें शहर लष्करी महत्त्वाचें. लोहगांवचा तळ, खडकवासल्याची प्रबोधिनी, पाषाणच्या संरक्षण-प्रयोगशाळा अशा ठिकाणांच्या आसपास आकाशांत कांहींहि उडविण्यास बंदी असते, आणि ती योग्यच आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनीं शौकिनांची बाजू पुष्कळ समजून घेतली. शिक्षण, संशोधन किंवा करमणूक ह्यांसाठीं डोळ्यांच्या टप्प्यांत उडविलेल्या, पंचवीस किलोंपर्यंतच्या विमानांस यंत्रप्रमाणपत्राची अट नाहीं. दोन किलोंपर्यंतचें यंत्र धंद्यासाठीं नसेल तर चालकास परवाना नको. परंतु आकाशाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे पट्टे पाडलेले आहेत. हिरव्या पट्ट्यांतहि मोकळीक १२० मीटर उंचीपर्यंतच, आणि तांबड्यांत केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कागदाचें विमान सोडण्याचेंहि धाडस करूं नये, असें आम्ही हंसत हंसत पण गांभीर्यानें सांगतों. पोलिसांचे तात्पुरते मनाई-हुकूम निघतात ते निराळेच. म्हणून नवख्यानें एकट्यानें कोठेंहि जाऊन उडवूं नये. ज्या मंडळानें जागेच्या मालकाची संमति घेतली आहे आणि नकाशा पाहून ठेविला आहे, त्याच्याच आश्रयास जावें. हीं मंडळें माणसांच्या उणिवेनें मोडत नाहींत, जागेच्या उणिवेनें मोडतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांची गांवाकडे सपाट पडीक जमीन आहे, त्यांच्याकडे असे चार लोक विचारावयास आले तर त्यांना दारांतूनच परत पाठवूं नये.

घरांत घ्यावयाच्या खबरदारीविषयीं स्पष्टच लिहितों. नाकावरचा पंखा मिनिटास दहा हजार फेरे घेतो आणि बोट कापावयास त्याला निमिषहि लागत नाहीं. घरांत मोटार चालवून पाहावयाची असेल तर पंखा काढून ठेवावा. मेथॅनॉल हें विष आहे. तें पोटांत गेल्यास दृष्टि आणि प्राण दोन्ही जातात, त्यामुळें तें पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींहि भरूं नये आणि मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. लिथियमच्या विद्युत्-घटांना मार बसला किंवा ते अधिक भरले गेले तर ते पेट घेतात. ते भरावयाचे तर मातीच्या कुंडींत ठेवून, जवळ वाळूची बादली ठेवून, आणि जागें राहून. रात्रीं लावून ठेवून निजणें हा शुद्ध अविचार होय. आणि फुगलेला घट पुन्हा वापरण्याचा मोह कितीहि झाला तरी टाळावा.

सुरुवात मात्र ह्यांतील कशानेंच करावयाची नाहीं. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलचा हातभर लांब, चार बोटें रुंद असा एक पंख कापावा. मधोमध किंचित् मोडून त्याचीं दोन्ही टोंकें तीन-तीन बोटें वर उचललेलीं राहतील असा चिकटवावा. बांबूच्या सरळ कांडीवर तो बसवावा. मागें एक आडवें आणि एक उभें शेपूट लावावें. कांडीच्या पुढच्या टोंकास चिकणमातीचा गोळा लावावा आणि वर सांगितल्याप्रमाणें दोन बोटांवर तोल पाहावा. मग वारा नसतां, गवतावर, खांद्याच्या उंचीवरून जमिनीकडे किंचित् झुकवून सरळ पुढें सोडावें. जोरानें फेंकूं नये. नाक वर करून थबकलें आणि कोसळलें तर माती थोडी वाढवावी. सरळ खालीं गेलें तर चिमूटभर काढावी. आठ-दहा वेळां असें केलें म्हणजे एका क्षणीं तें हातांतून सुटतें आणि वीस-पंचवीस पावलें जमिनीशीं समांतर तरंगत जातें.